राजकीय रील्सनी भरलेलं फीड कसं आवरावं: मोजणीपासून पडताळणीपर्यंत

राजकीय रील्सचा वैताग आला की बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. अ‍ॅप काढून टाकतात, विरोधी बाजूच्या व्हिडिओखाली चार शब्द सुनावून येतात, नाहीतर 'नॉट इंटरेस्टेड' दाबत बसतात. आठ-दहा दिवसांनी फीड जिथल्या तिथे. तुमच्या आवडीनिवडीची नोंद फोनमध्ये नसते, खात्यावर असते; अ‍ॅप काढल्याने ती पुसली जात नाही. शिवाय फीड तुमचं मत विचारत नाही, तुम्ही किती सेकंद थांबलात ते मोजतं. दातओठ खात पाहिलेले चाळीस सेकंद आणि मान डोलावत पाहिलेले चाळीस सेकंद, त्याच्या वहीत दोन्ही जवळपास एकाच रकान्यात पडतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एकूण चार आठवडे लागतात, रोजचं काम दहा मिनिटांच्या आत. सुरुवातीला एक वही, एक पेन आणि शक्य असेल तर संगणक जवळ ठेवा. क्लिप तपासताना फोनच्या छोट्या पडद्यावर फार हाल होतात.

टप्पा १: पहिला आठवडा फक्त मोजा

अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनवर 'स्क्रीन टाइम' उघडा. रोज रात्री दोन आकडे लिहा: रील्सच्या अ‍ॅपवर गेलेली मिनिटं आणि दिवसभरात फोन किती वेळा उघडला. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. दीड तास एका बैठकीत गेला, की दोन-दोन मिनिटांच्या पंचेचाळीस खेपांत गेला, यावर पुढचा उपाय ठरतो.

वहीत तिसरी नोंद मनःस्थितीची. अ‍ॅप उघडण्यापूर्वी १ ते ५ मध्ये एक आकडा, बंद केल्यावर पुन्हा एक. १ म्हणजे चिडलेलं किंवा खचलेलं, ५ म्हणजे शांत. दिवसातून दोनदा पुरे. विचार करत बसू नका, जो आकडा पहिल्यांदा सुचेल तो टाका.

आठवड्यात एकदा सलग पन्नास रील्स मोजून पाहा आणि तीन खुणांपैकी एक करा: 'मा' म्हणजे माहिती मिळाली, 'सं' म्हणजे नुसता संताप किंवा टवाळी, 'इ' म्हणजे राजकारणाबाहेरचं इतर काही. 'मा' कधी लिहायचं? त्या रीलमधून कोण, काय आणि केव्हा हे तिन्ही एका वाक्यात सांगता आलं तरच. 'गद्दार', 'लाज', 'देशद्रोह' असल्या शब्दांवर उभी असलेली रील बहुधा 'सं'मध्ये जाते. अशा नैतिक-भावनिक शब्दांना पाय फुटतात हे मोजलं गेलेलं आहे: ट्विटरवरच्या राजकीय संदेशांच्या २०१७ मधल्या एका अभ्यासात असा प्रत्येक शब्द प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवताना दिसला. वक्त्यांनाही हे ठाऊक असतं. योजनेच्या अटी, अपवाद, पैसा कुठून येणार, हे तीस सेकंदांत बसत नाही, टोमणा बसतो. म्हणून तासाभराच्या भाषणात आता क्लिप होण्यासाठीच घडवलेली दोन-तीन वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात.

सावधान: या आठवड्यात काहीही बदलू नका. मोजायला लागलं की वापर आपोआप थोडा घटतो. त्यात उपायही सुरू केले तर कशाचा परिणाम झाला ते कधीच कळणार नाही.

तपासणी: आठवड्याच्या शेवटी काल पाहिलेल्या पाच राजकीय रील्स आठवून लिहा. चेहरे आणि चीड आठवते, मुद्दा आठवत नाही, असं झालं तर पुढचे टप्पे तुमच्यासाठीच आहेत.

टप्पा २: आवाज बंद करा

पाच मिनिटांचं काम. अ‍ॅपच्या सगळ्या सूचना बंद, थेट संदेश तेवढे चालू ठेवा. अ‍ॅपचं चिन्ह पहिल्या पानावरून काढून फोल्डरमध्ये टाका. खेपा जास्त असणाऱ्यांना याचा फायदा लांब बैठकवाल्यांपेक्षा जास्त होतो. पडदा कृष्णधवल करण्याची सोयही दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये आहे. रंग गेले की बोट थोडं लवकर थांबतं.

टप्पा ३: नोंद पुसा, पण आधी यादी छाटा

इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी रीसेट आणि मग फॉलो यादीची साफसफाई, असं करू नका. रीसेटनंतर अ‍ॅपकडे तुमच्याबद्दल उरलेली मोठी खूण म्हणजे तुम्ही कोणाला फॉलो करता ती यादी. ती जुनीच राहिली तर जुनंच फीड दोन दिवसांत परत उभं राहतं.

१. फॉलो यादीतली राजकीय खाती वेगळी लिहा. प्रत्येकाच्या शेवटच्या दहा पोस्ट पाहा. सातहून जास्त 'सं' असतील तर अनफॉलो, मग ते खातं तुमच्या बाजूचं का असेना. खरं तर तुमच्या बाजूचंच आधी तपासा, तिथे हात कचरतो.

२. इन्स्टाग्राममध्ये 'कंटेंट प्रेफरन्सेस'मध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करण्याचा पर्याय आहे. तो मागे घेता येत नाही, हे लक्षात ठेवून दाबा. टिकटॉकमध्ये 'फॉर यू' फीड नव्याने सुरू करण्याची सोय २०२३ पासून आहे. मेनूंची नावं आणि जागा बदलत राहतात. सापडलं नाही तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत 'रीसेट' किंवा 'रीफ्रेश' टाका.

३. यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास पुसा आणि नोंद ठेवणं थांबवा. २०२३ च्या ऑगस्टपासून इतिहास बंद असलेल्या आणि मागचं फारसं काही शिल्लक नसलेल्या खात्याचं मुखपृष्ठ जवळजवळ रिकामं दिसतं. बिघाड झाला असं समजून तो परत चालू करणारे बरेच असतात. तो बिघाड नाही, तेच हवं आहे.

४. शब्दगाळणी, म्हणजे ठरावीक शब्द असलेला मजकूर लपवणारी सोय, भरा. ज्या नावांनी आणि घोषणांनी डोकं फिरतं त्यांची यादी करा आणि प्रत्येक शब्द देवनागरीत, रोमन लिपीत, नेहमीच्या चुकीच्या स्पेलिंगमध्ये आणि हॅशटॅगसह असा चार प्रकारे टाका. एकाच लिपीत टाकलेली गाळणी अर्धी उघडीच राहते.

५. इन्स्टाग्रामवर राजकीय मजकूर कमी, नेहमीइतका की जास्त, हे निवडता येतं. 'कमी' निवडा.

सावधान: 'नॉट इंटरेस्टेड'वर फार भिस्त ठेवू नका. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२२ मध्ये यूट्यूबच्या वीस हजारांहून जास्त वापरकर्त्यांसह केलेल्या पाहणीत या बटणाने नकोशा शिफारशींपैकी जेमतेम ११ टक्के रोखल्या. नापसंतीच्या अंगठ्याने १२, इतिहासातून व्हिडिओ काढण्याने २९ आणि 'हे चॅनेल सुचवू नका' याने ४३ टक्के. म्हणजे दाबायचंच असेल तर चॅनेलवालं बटण दाबा, आणि तेही पुरेसं पडणार नाही हे धरून चाला.

टप्पा ४: पहिल्या शंभर रील्स

रीसेटनंतरचे दोन-तीन दिवस फीड चाचपडत असतं. तेव्हा दिलेल्या खुणांचं वजन जास्त पडतं. झोपेत, जेवताना किंवा कंटाळा आला म्हणून या शंभर रील्स पाहू नका. ताठ बसून, दहा-दहाच्या गटात पाहा.

नको असलेली रील दोन सेकंदांच्या आत सरकवा. तिच्या टिप्पण्या उघडू नका, कारण टिप्पण्या वाचत असताना मागे रील फिरत राहते आणि सेकंद वाढत राहतात. ज्याने टाकली त्याच्या प्रोफाइलवर जाऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'हा मूर्खपणा बघ' म्हणत मित्राला पाठवू नका. रील किती पाहिली, किती जणांना आवडली आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, या तीन खुणांना सर्वांत जास्त वजन असतं असं इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच २०२५ मध्ये सांगितलं. टवाळीसाठी पाठवलेली रीलसुद्धा पाठवलेलीच मोजली जाते.

हवी असलेली रील मात्र पूर्ण पाहा आणि जतन करा.

नेहमीची एक चूक इथे सांगायला हवी. 'दोन्ही बाजू कळाव्यात' म्हणून विरुद्ध बाजूचे सर्वांत कर्कश चेहरे फॉलो केले जातात. त्याने समतोल येत नाही, आता दोन्हीकडून चीड येते. दुसरी बाजू समजून घ्यायची तर पक्षाऐवजी विषय धरा: अर्थसंकल्प, न्यायालयं, शेती, शिक्षण. त्या विषयावर वर्षानुवर्षं लिहिणारे चार-पाच जण शोधा. ते कंटाळवाणे वाटतील. वाटू द्या.

तपासणी: शंभर रील्सनंतर पुन्हा पन्नास मोजा. 'सं'चा आकडा पहिल्या आठवड्याच्या निम्म्यावर आला नसेल तर टप्पा ३ मधली यादी नीट छाटली गेलेली नाही. मागे जा.

टप्पा ५: क्लिप तपासण्याची पद्धत

फीड कितीही आवरलं तरी क्लिप येतच राहणार, निदान कुटुंबाच्या ग्रुपवर तरी. सगळ्या तपासायच्या नाहीत. जी तुम्ही पुढे पाठवणार आहात, किंवा जिच्यावरून तुमचं मत बदलतंय, तेवढीच.

५.१ अ‍ॅपबाहेर पडा. दुवा कॉपी करा, स्क्रीनशॉट घ्या आणि रील बंद करा. खात्री करायची म्हणून तीच क्लिप फीडमध्ये सहा वेळा पाहिली तर फीड तशाच आणखी आणून देतं. आणि तुम्हालाही ती दर वेळी थोडी जास्त खरी वाटू लागते. वारंवार ऐकलेलं विधान खरं वाटायला लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं.

५.२ दावा एका वाक्यात लिहा. कोण, काय म्हणालं किंवा केलं, कुठे, कधी. वाक्य लिहिताच आलं नाही तर थांबा. उदास संगीत, संथ केलेला चेहरा आणि वर 'हेच पाहायचं राहिलं होतं' एवढंच असेल तर त्यात तपासण्यासारखा दावाच नाही. अशी क्लिप ना खरी ठरते ना खोटी; ती पुढे पाठवायची नाही, एवढंच.

५.३ मूळ शोधा. क्लिपच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी तीन चित्रं घ्या. वरची अक्षरं, लोगो आणि कडेची पट्टी कापून टाका, नाहीतर शोधयंत्र चित्राऐवजी त्या सजावटीशी जुळवत बसतं. मग गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही सेवांवर शोधा. काहीच सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा पाहा. शोधाला चकवण्यासाठी क्लिप आरशातल्यासारखी फिरवलेली असते. मागच्या फलकावरची अक्षरं उलटी दिसली की समजा. पाच खात्यांवर तीच क्लिप दिसली म्हणजे पाच पुरावे झाले नाहीत. पाचही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेली असते.

५.४ पूर्ण भाषण ऐका. क्लिपमधले चार-पाच सलग, वेगळे शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. यूट्यूबवर मूळ भाषण मिळालं तर वर्णनातून 'ट्रान्सक्रिप्ट' (बोलण्याचा लिखित मजकूर) उघडा आणि संगणकावर कंट्रोल-एफ दाबून शब्द शोधा. स्वयंचलित ट्रान्सक्रिप्ट मराठीत चुका करतं, म्हणून लांब शब्दाऐवजी एखादा आकडा किंवा गावाचं नाव शोधलेलं बरं. जागा सापडली की त्याआधीची दोन मिनिटं आणि नंतरची दोन मिनिटं ऐका.

मराठी भाषणाच्या बाबतीत 'नंतरची' मिनिटं जास्त महत्त्वाची, कारण आपल्या वाक्याचा निकाल शेवटी लागतो. समजा मूळ वाक्य असं आहे: 'आम्ही ही योजना बंद करू, असं आमचे विरोधक गावोगाव सांगत फिरतायत.' कात्री 'करू'पाशी लावली की दुसऱ्याच्या तोंडचा आरोप वक्त्याची कबुली होऊन बसतो. 'आम्ही कर वाढवणार नाही' यातला 'नाही' कापायला तर पाव सेकंद पुरतो. एक-दोन शब्दांची कात्री, आणि बाकी आवाज, चेहरा, व्यासपीठ सगळं अस्सल. म्हणून क्लिप क्रियापदाशीच अचानक तुटत असेल, वक्त्याचं तोंड अजून उघडं असेल किंवा श्वास पूर्ण सुटलेला नसेल, तर संशय घ्या.

५.५ वेग आणि सांधे. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी यांचा व्हिडिओ सुमारे ७५ टक्के वेगावर आणून त्या झिंगल्यासारख्या बोलताहेत असं भासवलं गेलं. त्यासाठी कोणतीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागली नव्हती. वक्ता अडखळत, लांबवत बोलतोय असं वाटलं तर वेग १.२५ करून ऐका. बोलणं आणि मागच्या माणसांची हालचाल एकदम नैसर्गिक झाली तर क्लिप संथ केलेली असू शकते. संगणकावर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम या कळांनी एकेक चौकट (फ्रेम) मागेपुढे करता येते. डोकं एका चौकटीत डावीकडे आणि पुढच्या चौकटीत उजवीकडे असेल, किंवा गर्दीचा आवाज मध्येच तुटत असेल, तर तिथे दोन तुकडे जोडल्याचा सांधा आहे.

५.६ नुसता आवाज असेल तर. बोटं मोजून किंवा पापण्या पाहून बनावट व्हिडिओ ओळखण्याचे नुस्खे जुने झाले. तंत्र दर काही महिन्यांनी सुधारतं. त्यापेक्षा पहिल्यांदा कोणी आणि केव्हा टाकलं ते पाहा. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या मतदानाच्या दोन दिवस आधी, प्रचारबंदीच्या काळात, एका पक्षप्रमुखाचं आणि एका पत्रकाराचं मतं विकत घेण्याविषयीचं बनावट संभाषण पसरलं. चित्र नव्हतं, फक्त आवाज होता, आणि खुलासा पोचवायला वेळ उरला नव्हता. मतदानाआधीच्या ४८ तासांत आलेली, चित्राविना, 'गुप्त' म्हणवणारी ध्वनिफीत स्वतंत्र दुजोरा मिळेपर्यंत खोटीच धरा.

५.७ दहा मिनिटांत थांबा. घड्याळ लावा. निकाल तीन असू शकतात: खरं, खोटं, माहीत नाही. तिसरा निकाल लागला म्हणजे तपास फसला असं नाही. त्याचा अर्थ क्लिप तुमच्याकडेच थांबते. उरलेला वेळ टिप्पण्या वाचण्यात घालवू नका. कोणीतरी 'मी तिथेच होतो' असं लिहिलेलं असतंच.

टप्पा ६: पाठवण्याआधी आणि दुरुस्त करताना

'एवढे लोक पाठवतायत म्हणजे काहीतरी असणार' हा तर्क उलटा पडतो. २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो संदेश मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच हात फिरून आलेला असतो. तो बाण म्हणजे पुरावा नव्हे, सावधगिरीची खूण.

दुसऱ्याची चूक दुरुस्त करायची असेल तर तीन नियम. खोटी क्लिप पुन्हा जोडू नका, खंडन करतानाही तिचाच प्रसार होतो. आधी खरी गोष्ट सांगा, मग चूक. आणि ग्रुपवर चारचौघांत नको, खाजगीत. चारचौघांत चुकलेला माणूस चूक कबूल करण्याऐवजी ती जास्तच घट्ट धरतो. संदेश एवढाच पुरे: 'काका, तुम्ही पाठवलेल्या क्लिपचं पूर्ण भाषण सापडलं. दुवा देतोय, १४व्या मिनिटापासून दोन मिनिटं ऐका, वाक्य पुढे चालू आहे.' आपण जिंकलो असं दाखवणारा शब्द त्यात नको.

टप्पा ७: वेळ कमी करा आणि रिकाम्या जागेत काहीतरी ठेवा

पहिल्या आठवड्याच्या सरासरीतून एक तृतीयांश कमी करा. रोज नव्वद मिनिटं जात असतील तर मर्यादा साठ. एकदम शून्यावर आणलेली मर्यादा चौथ्या दिवशी मोडते. अ‍ॅपची मर्यादा संपल्यावर ती डावलण्याचं बटण समोरच असतं, आणि आठवडाभरात बोट ते न बघता दाबायला शिकतं. यावर उपाय: आयफोनवर 'स्क्रीन टाइम'ला वेगळा संकेतांक (पासकोड) लावता येतो, तो घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ठेवायला द्या.

फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्ज करा, गजरासाठी वेगळं घड्याळ ठेवा. हा एक बदल बाकी सगळ्यांपेक्षा सोपा आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो.

आता रिकाम्या जागेचं. अमेरिकेत २०१८ च्या मध्यावधी (अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या) निवडणुकीआधी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं गेलं. त्यांचा रोजचा सुमारे तास वाचला, मनःस्थिती थोडी सुधारली, राजकीय टोकाची भूमिका सौम्य झाली. पण बातम्यांचं ज्ञानही घटलं. नुसतं बंद केलंत तर तुम्हीही शांत आणि अनभिज्ञ व्हाल. म्हणून वाचलेल्या तीस मिनिटांतली वीस मिनिटं ठरावीक वेळी, लिखित बातम्यांना द्या. सकाळी पहिल्यांदा आणि रात्री शेवटी मात्र नाही.

सावधान: फक्त 'फॉलोइंग'चा, वेळेच्या क्रमाने चालणारा रकाना लावला की काम झालं, असं समजू नका. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तीन महिने हे करून पाहिलं गेलं. लोकांचा वेळ कमी झाला, पण मतांची टोकं फारशी बदलली नाहीत आणि अविश्वासार्ह स्रोतांचा मजकूर उलट वाढला. वेळ वाचवायला हा रकाना चांगला, माहितीची गुणवत्ता त्याने सुधारत नाही.

टप्पा ८: चौथ्या आठवड्यात पुन्हा मोजा

टप्पा १ मधल्या सगळ्या नोंदी तशाच पुन्हा करा: मिनिटं, खेपा, आधीचा आणि नंतरचा मनःस्थितीचा आकडा, पन्नास रील्स. मिनिटं घटली पण 'नंतरचा' आकडा तिथेच असेल तर वेळेपेक्षा मजकूर त्रास देतोय. टप्पा ३ आणि ४ परत करा. 'सं' घटले पण खेपा तितक्याच राहिल्या तर टप्पा २ आणि फोन ठेवायची जागा पाहा. दोन्ही घटूनही अ‍ॅप उघडण्यापूर्वीचाच आकडा रोज १ किंवा २ येत असेल, झोप लागत नसेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर कारण फीडमध्ये शोधू नका, डॉक्टरांना भेटा.

निवडणूक जाहीर झाली की शब्दगाळणीत नव्या उमेदवारांची नावं आणि नव्या घोषणा चारही प्रकारे भरा. जुन्या यादीतून त्या आरपार जातात.